विलंबाची कारणे

भाऊ कधी सरळ प्रश्न विचारत नसत. लग्नाच्या पंगतीत वाढपी रिकाम्या हाताने समोरून गेला की त्याला थांबवून म्हणायचे, "वरण संपलं, हे खरे आहे काय? असल्यास, दुसरं चढवलं आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" वाढपी हसायचा आणि पळत जाऊन बादली भरून आणायचा. विधानसभेत प्रश्न असाच छापून येतो. आधी हे खरे आहे काय, मग असल्यास, मग नसल्यास आणि सगळ्यात शेवटी विलंबाची कारणे. भाऊ पंधरा वर्षं आमदार होते आणि पंधराही वर्षं शेवटच्या बाकावर बसले. तेवढ्यात ही बोली त्यांच्या जिभेला चिकटली ती चिकटलीच. आमच्या कुही तालुक्यात त्यांना आमदारसाहेब कुणी म्हटलं नाही. तोंडावर भाऊ, पाठीमागे नसल्यासभाऊ.

आमदार होण्याआधी ते तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसत आणि लोकांचे अर्ज लिहीत. सातबारा, रेशनकार्ड, भावाभावांची वाटणी, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. मी एकटाच असा होतो की ज्याने त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला नाही. मी चौथी शिकलो, पण माझं मीच लिहितो. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं माझं वाटत नाही मला. एकदा त्यांनी माझा अर्ज मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत देत म्हणाले, "सरपंच, सात चुका हायेत तुमच्या अर्जात. पण खोटं एकही नाही." चुका दुरुस्त करून देऊ का म्हणाले. मी नको म्हटलं. हे त्यांचं वाक्य मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत फिरलो. आता सांगत नाही. का, ते पुढे येईल.

ते निवडून आले तेसुद्धा दोन मोठ्यांच्या भांडणात. पक्षातले दोघे तिकिटासाठी हट्टाला पेटले, आणि वरच्यांनी दोघांनाही बाजूला सारून हा निरुपद्रवी अर्ज लिहिणारा उभा केला. निवडून आल्यावर त्यांना शेवटच्या रांगेत, भिंतीजवळची जागा मिळाली. लोक विचारायचे, भाऊ, पुढे कधी सरकता? ते म्हणायचे, "मागून साऱ्यांच्या पाठी दिसतात. कोण झोपून राहिला, कोण कोणाच्या कानात बोलून राहिला, मंत्र्याले चिठ्ठी कुठून आली. पुढं बसलेल्याले काय दिसते?" मंत्री काहून नाही झाले असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, मला विचारता येतं, मग मोठा कोण ते तूच सांग.

शेवटच्या बाकावरच्या माणसाचा वट काय असतो, हे मला त्यांनीच दाखवलं. आमच्याकडची एसटी बंद पडली होती. पोरी चार कोस चालत शाळेत जायच्या. आम्ही अर्ज दिले, मोर्चा नेला, बस काही आली नाही. भाऊंनी एक प्रश्न टाकला: बस बंद आहे, हे खरे आहे काय. प्रश्न नागपुरातून निघाला तो जिल्ह्याला आला, तालुक्याला आला, डेपोत आला, आणि प्रत्येक टेबलावर कुणाला तरी फाइल काढावी लागली. उत्तराच्या दिवसाच्या दोन दिवस आधी बस गावात येऊन उभी राहिली. मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, हे खरे नाही, बस सुरू आहे. मला राग आला, म्हटलं हा तुम्हाला खोटं पाडून राहिला. भाऊ खूश. म्हणाले, 'हे खरे नाही' असं उत्तर आलं की समजायचं, काम झालं. आपण खोटे पडलो म्हणजे पोरी बसमध्ये बसल्या.

आता रपट्याचं सांगतो.

आमच्या गावाच्या आणि डांबरी सडकेच्या मधे एक नाला आहे. मी सरपंच असताना त्यावर रपटा झाला. रपटा म्हणजे नाल्यात सिमेंटचा पट्टा टाकायचा, खालून दोन पाइप, आणि पावसाळ्यात पाणी वरून जाणार. भाऊ तेव्हा आमदार नव्हते. काम संपल्यावर दगडी पाटी लावायची ठरली. पाटीवाल्याने मला विचारलं, रपट्याचे लोकार्पण असं खोदू का? मला ते हलकं वाटलं. इतक्या वर्षांत गावात पहिलं सरकारी काम आलं, ते माझ्या काळात आलं, आणि दगडावर रपटा लिहायचं? मी म्हटलं, पूल लिही. त्याने पूल लिहिलं, खाली माझं नाव खोदलं. काम पूर्ण झाल्याचा कागद आला, त्याच्यातही मी सांगून पूल लिहवून घेतलं आणि सही ठोकली. बांधकामाच्या साहेबाला काय, रपटा बांधून पूल दाखवता आला, त्याला तर बरंच झालं. पुढे पाटीभोवती बेशरमची झुडपं वाढली आणि ती दिसेनाशी झाली. पण मला ठाऊक होतं ती तिथे आहे. जाता-येता माझी नजर त्या झुडपाकडे जायची, आणि बरं वाटायचं.

काही वर्षांनी, रोवणीच्या दिवसांत, माझ्या घरच्या मंडळींना बांधावर पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. सुभद्रा तिचं नाव. दुपारची वेळ होती. खाटेवर टाकून आम्ही चौघांनी तिला नाल्यापर्यंत आणलं. रपट्यावर कमरेच्या वर पाणी होतं आणि त्याला अशी ओढ होती की बैलही पाय टाकणार नाही. पलीकडे सडकेवर गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हर दिसत होता, त्याने हात हलवला तेही दिसलं. कुहीचा दवाखाना तिथून अर्ध्या तासावर. आम्ही पाणी उतरायची वाट पाहत बसलो. ती आधी बोलत होती. मग तिने पाणी मागितलं. मग तिचे डोळे मिटायला लागले. पाणी संध्याकाळी उतरलं, तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं. मुलगा माझा तेव्हा कॉलेजात होता. तो त्यानंतर गावात राहिला नाही.

तेराव्यानंतर मी भाऊंकडे गेलो. त्यांनी कागद काढला आणि ते लिहायला बसले. लिहिण्याआधी त्यांनी मला विचारलं, "दप्तरात काई लिहून असंल तर आत्ताच सांगा, सरपंच. मंत्री दप्तर पाहून उत्तर देते, नाला पाहून देत नाही." मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं. मग त्यांनी लिहिलं, अमुक गावाच्या नाल्यावर पूल नसल्याने एका महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय.

प्रश्न हिवाळी अधिवेशनात लागला. भाऊंनी मला गॅलरीचा पास दिला. मी पांढरं धोतर नेसून गेलो आणि वर बसलो. खाली पाहिलं तर भाऊ अगदी मागे, भिंतीला टेकून. नंबर पुकारला तशी ते उठले. मंत्री त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांनी कागद वाचला, "हे खरे नाही. सदर नाल्यावर पूल अस्तित्वात आहे." बाकी भागांना उत्तर एकच, प्रश्न उद्भवत नाही. मग त्यांनी एक फोटो वर धरला. झुडपं छाटून कुणीतरी पाटीचा फोटो काढून आणला होता. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी आपल्या मतदारसंघात अधूनमधून फिरावं, पूल दिसेल. खालची सगळी माणसं हसली. भाऊंच्याच पक्षाची जास्त हसली. भाऊंनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले की मला माहिती घेऊन पुन्हा प्रश्न विचारायचा आहे, आणि बसले.

बाहेर रस्त्यावर मोर्चेवाले होते, भोंगे चालले होते. आम्ही दोघं कडेने चालत आमदार निवासापर्यंत गेलो. तिथे चहा मागवून त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

"पाटी तुमी लावली, हे खरे आहे काय?"

मी म्हटलं, हो.

"असल्यास, मले काहून नाही सांगितलं गा?"

मी चहाचा कप पुढे ओढला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मीही रागावलो असतो आणि बरं झालं असतं. त्यांनी रस्ता सांगितला. पूर्णत्वाच्या कागदावर सही तुमची आहे. तुम्हीच लिहून द्या की झाला तो रपटा, पूल नाही, आणि पाटी चुकीची आहे. मग मंत्र्याचं उत्तर चुकीचं ठरतं, आणि सभागृहात दिलेलं उत्तर चुकीचं निघालं तर ते सभागृहातच दुरुस्त करावं लागतं. त्यांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. मी चहा पिऊन उठलो.

मी लिहून दिलं नाही. लोक म्हणतील हट्टी म्हातारा. हट्ट होताच, तो मी लपवत नाही. माझं नाव जगात त्या एका दगडावर आहे. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. मी लिहून दिलं असतं तर गावाने पुढचा प्रश्न विचारला असता, की मग सुभद्रा गेली ती कोणामुळे. पूर्णत्वाच्या त्या कागदावर मी पूल लिहवला नसता तर पुलाची मागणी कधीच मंजूर झाली असती. तो प्रश्न गावाने विचारू नये म्हणून मी भाऊंनी मागितलेला कागदच लिहिला नाही.

भाऊंनी माझ्याशिवाय लढायचं ठरवलं. त्यांनी प्रश्न पुन्हा टाकला, शब्द बदलून. या वेळी रपटा लिहिलं. विधानभवनाच्या कचेरीतून तो परत आला, की रपटा हा शब्द बसत नाही, कमी उंचीचा पूल असं करावं. भाऊ तिथल्या बाबूंशी भांडले. कमी उंचीचा का होईना, पूल म्हटलं म्हणजे पूल आलाच ना त्यात. बाबू म्हणाले, साहेब, शब्दासाठी एवढं काय? ते म्हणाले, "त्या शब्दावरून पाणी जाते, बाबू." ते लक्षवेधी सूचना घेऊन गेले, ती चर्चेला लागली नाही. कपात सूचना दिली, ती वेळेअभावी गेली. सभागृहात त्यांचं नाव पूलवाले पडलं. ते उठले की मागून कुणीतरी म्हणायचं, पूल सापडला का हो? ते हसायचे. सरपंचाने मला चुकीचं सांगितलं, हे चार शब्द बोलले असते तर सगळं हसू माझ्या अंगावर आलं असतं. ते शब्द त्यांनी ना सभागृहात काढले, ना तालुक्यात.

दर वर्षी डिसेंबरात मला टपालाने गॅलरीचा पास यायचा. सोबत चिठ्ठी नाही. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने एकच शब्द, कागद? मी दर वर्षी जायचो. वर बसायचो, ते खाली बसायचे. मग आमदार निवासात सोबत जेवायचो, भात कसा झाला, धानाला कीड लागली का, असं बोलायचो. कागदाचं ना ते काढायचे ना मी. निघताना ते फाटकापर्यंत यायचे. एवढं मात्र दर वर्षी.

त्यांच्या पक्षाच्या प्रतोदाने त्यांना बोलावून सांगितलं की आपल्याच मंत्र्याला एका नाल्यासाठी किती दिवस टोचणार. निवडणुकीला वेळ आहे, विचार करा. भाऊंनी विचार केला आणि प्रश्न टाकला. तिकीट दुसऱ्याला गेलं. त्या मुदतीतलं शेवटचं अधिवेशन नागपुरात होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना घाई असते, गाड्या बाहेर सुरू असतात, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. भाऊंनी औचित्याचा मुद्दा मागितला. अध्यक्ष म्हणाले, एक मिनिट. ते उठले, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं नाही.

ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पाणी ज्याच्या खालून जाते तो पूल. पाणी ज्याच्या वरून जाते तो रपटा. माझ्या मतदारसंघातली एक बाई या दोन शब्दांच्या मधे मेली. एवढं नोंदीत यावं." घंटा वाजली. ते बसले. या वेळी कुणी हसलं नाही, पण कुणी फारसं ऐकतही नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. मी जागेवर नव्हतो असं त्यांना वाटलं असेल, कारण मी पुढच्या कठड्यावर डोकं टेकवून बसलो होतो.

एवढं होऊनही मी त्या दिवशी कागद दिला नाही. अजून दोन पावसाळे गेले.

भाऊ नागपुरात नंदनवन वस्तीत राहायला आले होते, मुलीच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मीही गाव सोडून नागपुरात मुलाकडे आलो होतो. मुलगा हिंगण्याला कंपनीत जातो. त्याच्याकडूनच कळलं की भाऊंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्या रात्री मला झोप आली नाही हे लिहायची गरज नाही, तुम्हाला ते कळेल. सकाळी मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. मी तेव्हाचा सरपंच. नाल्यावर झाला तो रपटा आहे. पूल मी खोटा लिहवला. सही माझी आहे. मग मुलाला म्हटलं, मोटारसायकल काढ, भाऊंना पाहून येऊ. कागदाचं त्याला सांगितलं नाही.

भाऊ खुर्चीत बसवलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. वहिनींनी माझं नाव सांगितलं तर डोळे हलले. मुलगा खाली गाडीपाशी थांबला होता. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ वाचला. मग डाव्या हाताने काहीतरी मागितलं. वहिनींना कळलं नाही, मला कळलं. मी पेन्सिल दिली. त्यांनी एकेक वेलांटी, एकेक मात्रा दुरुस्त केली. अर्ज लिहिणारा माणूस शेवटपर्यंत अर्ज लिहिणाराच. झाल्यावर हाताची पाच बोटं दाखवली, मग दोन. मी म्हटलं, सातच ना? त्यांनी मान हलवली. मग ते माझ्याकडे बघत राहिले. ते त्यांच्या त्या जुन्या वाक्याचा दुसरा भाग बोलू शकत नव्हते, आणि या वेळी तो खरा होता. मी त्यांचा हात धरून बसलो.

कागद वहिनींनी नव्या आमदाराकडे पोचवला. तो विरुद्ध पक्षाचा, भाऊंच्या पक्षाला पाडून आलेला. तोही शेवटच्या रांगेत बसतो म्हणतात. त्याने प्रश्न टाकला. प्रश्न मागचे कागद धुंडाळत गेला तेव्हा भाऊंचं ते एका मिनिटाचं बोलणं नोंदीत सापडलं, आणि माझा कागद त्याला जोडला गेला. भाऊ दिवाळीनंतर गेले. उत्तर डिसेंबरात आलं. वहिनींनी मला बोलावून तो छापील कागद दिला. म्हणाल्या, तुमच्यासाठी ठेवायचं असं खुणेने सांगून गेले होते, डाव्या हाताने पाकीट आधीच करून ठेवलं होतं. पाकिटामागे पेन्सिलीने काही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा उलटून पाहिलं.

कागदावर असं आहे. एक: सदर नाल्यावर पूल नाही, हे खरे आहे काय? होय, हे खरे आहे. दोन: असल्यास, पूल बांधण्याबाबत कोणती कार्यवाही केली? अंदाजपत्रक तयार करण्याचे काम सुरू आहे. तीन: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? प्रश्न उद्भवत नाही.

पूल अजून झालेला नाही. या पावसाळ्यातही रपट्यावरून पाणी गेलं. पाटी तशीच आहे, आता तिच्याभोवतीची झुडपं मी गावी जाऊन स्वतः छाटतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचता यावी आणि खालचं पाणीही दिसावं.

तिसऱ्या भागाचं उत्तर मात्र चुकीचं आहे, आणि चुकीचं उत्तर दुरुस्त करावं लागतं असं भाऊ सांगत. ते असते तर मागच्या बाकावरून उठले असते. ते नाहीत, म्हणून मी लिहितो. प्रश्न उद्भवतो. विलंबाचं कारण मी आहे. मुलाने हे वाचलं तर वाचू दे, त्याच्या आईचा या उत्तरावर हक्क होता. हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. चुका पुष्कळ असतील, त्या दुरुस्त करायला आता कुणी नाही. खोटं एकही नाही.